काकांची वही आणि माझा सर्व्हर

कॉलेजच्या लॅबमध्ये ४० कॉम्प्युटर होते आणि काकांकडे एक वही. काका म्हणजे आमचे लॅब असिस्टंट. कुठल्या मशीनला कुठला आयपी, हे सगळं त्या वहीत. कुणी विंडोज नव्याने टाकलं की काका वही घेऊन यायचे आणि एकेक आकडा हाताने भरायचे. चुकून दोघांना एकच पत्ता गेला, की अर्धा दिवस शोधाशोध.

शेवटच्या वर्षी मी म्हटलं, "काका, हे आपोआप होतं." एका रविवारी जुन्या पीसीवर उबुंटू टाकून डीएचसीपी सर्व्हर बसवला. प्रकार सोपा असतो. चालू झालेलं मशीन सगळ्या नेटवर्कला विचारतं, 'इथे पत्ते कोण वाटतं?' सर्व्हर म्हणतो, 'मी. हा घे.' मशीन म्हणतं, 'हाच घेतो.' सर्व्हर म्हणतो, 'नोंदवला.' पत्ता मिळतो तो मुदतीच्या भाड्याने. निम्मी मुदत सरली की मशीन स्वतःच ती वाढवून मागतं.

मी रेंज टाकली, १९२.१६८.१.२० पासून २०० पर्यंत. बघता बघता सगळी लॅब ऑनलाइन.

"मग आता वहीचं काय काम?" काकांनी विचारलं. मी हसलो. ते हसले नाहीत. वही कपाटात गेली.

सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि प्रिंट निघेनात. बाहेरचे परीक्षक घड्याळ बघत होते. मी केबल बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला. काकांनी गुपचूप कपाट उघडलं आणि वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. प्रिंटर: ५०.

माझ्याच रेंजमधला आकडा. सर्व्हर पत्ता देण्याआधी त्या पत्त्याला एक हाक मारून बघतो. रविवारी प्रिंटर बंद होता. कुणी ओ दिली नाही, म्हणून सर्व्हरने तो पत्ता रिकामा समजून तिसऱ्या रांगेतल्या एका पीसीला देऊन टाकला होता.

रेंज बदलली, सर्व्हर रीस्टार्ट केला, त्या पीसीला नवा पत्ता घ्यायला लावला. प्रिंट निघाली.

संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. प्रिंटर, स्विच, सरांचा पीसी... कुणाचा पत्ता हलता कामा नये, ते काका वहीतून सांगत गेले, मी कॉन्फिगमध्ये टाइप करत गेलो. हे सर्व्हरला कधीच आपोआप कळलं नसतं. मलाही.

निघताना पाहिलं, वही परत टेबलावर होती. नव्या पानावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: १०० ते २००, आपोआप.