तारखेचे सोबती

बाबांना आणि काकांना एकत्र प्रवास घडवला तो कोर्टाने!

शेताच्या बांधालगतच्या चार हात पट्टीवरून दोघा भावांचा दावा वाशीमच्या दिवाणी न्यायालयात लागला. बाबा हरले, त्यांनी अपील केले. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधीची ही गोष्ट, त्यामुळे अपिलासाठी अकोला गाठावे लागे. मीटरगेजची सोयीची गाडी एकच, म्हणून वादी-प्रतिवादी एकाच डब्यात! आईच्या दशम्या काका खात, काकूची चटणी बाबा. अकोल्याला उतरले, की मात्र एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत.

तारखांवर तारखा पडत. बाबा कुरकुरले, की वकीलसाहेब हसून म्हणत, "अहो, आपल्या शिरपूरच्या जैन मंदिराचा दावा १९१० साली अकोल्यात दाखल झाला, तो १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात निकाली निघाला. तुम्हांला फार तर नागपूर!"

१९८४ साली बाबा गेले. वारस म्हणून अपिलात माझे नाव लागले. पुढच्या तारखेला गाडीत काका माझ्या शेजारीच येऊन बसले. मी दशम्यांचा डबा उघडला, तशी त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले.

अखेर निकाल आमच्या बाजूने लागला. काका कोर्टाच्या पायरीशी उभे होते.

"आता नागपूरला जाणार?" मी विचारले.

"कशाला रे?" ते म्हणाले, "सोबतीला दादा कुठे आहे?"

ती पट्टी मी कधी नांगरली नाही. तिथे गवत वाढते, आणि दोन्ही घरची गुरे चरतात.