तेरा प्रश्न

वृद्ध माणूस आजारी नसतो, पण आंतून खचत चाललेला असतो. ही अवस्था केवळ नाडी पाहून कळत नाहीं. अमेरिकेंत २००१ सालीं पासष्टीपुढील माणसांसाठीं तेरा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध झाली. वय, स्वतःच्या प्रकृतीविषयींचें मत, वांकणें, साडेचार किलो वजन उचलणें, पाव मैल चालणें, बाजारहाट, पैशांचा व्यवहार, स्नान इत्यादि एवढेंच त्यांत विचारतात. ज्यांस तीन किंवा अधिक गुण पडले, त्यांस पुढील दोन वर्षांत मृत्यूचा अगर परावलंबनाचा धोका इतरांच्या सुमारें चौपट आढळला.

कळमेश्वरास आमच्या ऐंशी वर्षांच्या काकूंना मीं हे प्रश्न मराठींत विचारले. "बाजारांत जातां?" "कधींच गेलें नाहीं. तुझे काका जात." प्रकृतीमुळें जात नाहीं काय, हा त्यांतला पोटप्रश्न जर गाळला, तर आमच्याकडील कित्येक धडधाकट म्हाताऱ्या मरणोन्मुख ठरावयाच्या! उलट, "प्रकृति कशी आहे?" यास "देवाच्या कृपेनें बरी" याखेरीज उत्तर नाहीं. मात्र संत्र्यांची टोपली यंदा सुनेनें उचलली, आणि स्टेशनच्या रस्त्यावर पाव मैलही काकूंना नेटानें चालवेना. वयाचा एक, उचलण्याचा एक, चालण्याचा एक.

"हें कळून काय करावयाचें?" चुलतभावानें विचारलें. ही कांहीं कुंडली नव्हे. औषधांची फेरतपासणी, ताटांत डाळ-दूध अधिक, खुर्चींतून उठण्या-बसण्याचा रोजचा व्यायाम, इतकें करतां येतें. आंकडा काकूंना सांगितला नाहीं. न्हाणीघरांत धरावयास दांडा मात्र त्याच आठवड्यांत बसला.