विठाबाईंचं देणं

विठाबाई नारायणगावकरांना मी कधी पाहिलं नाही. आमच्या घरातल्या बायकांना तमाशाच्या तंबूकडे फिरकायची मुभा नव्हती आणि मला कळू लागलं तोवर विठाबाई थकल्या होत्या. तरीही मी आज जे काम करते आणि ज्या हट्टानं करते, त्यात माझ्या मायच्या खालोखाल या बाईचा वाटा आहे. हे त्यांना कधी सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली, ऊसतोड कामगारांची मुलगी. आता आरोग्यसेविका आहे. आमच्याकडचं वर्ष पंचांगानं चालत नाही, कारखान्याच्या धुराड्यानं चालतं. दसऱ्याला भगवानगडावर दर्शन घ्यायचं आणि मुकादमाची गाडी आली की भांडीकुंडी, कोयते, शेळी, लेकरं सगळं भरून निघायचं. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. लग्न, आजारपण, घराची भिंत, कशात ना कशात ती पावसाळ्यातच संपलेली असते. मग ती फेडायला पाच-सहा महिने नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसे कोयत्याला मिळतात, बाईला नाही. नवऱ्यानं तोडायचं, बाईनं वाढं सोलून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. पोटात लेकरू असलं तरी.

तमाशाचं वर्षही जवळजवळ असंच असतं, हे मला फार उशिरा समजलं. दसऱ्याला फड बाहेर पडतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांमध्ये त्यांची खरी कमाई होते आणि पावसाळ्यात बाजा-पेटी गुंडाळून घरी बसायचं. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन तमाशाची सुपारी देतात. फडमालक सावकाराकडून पैसा उचलतो, कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. एकदा सुपारी घेतली की खेळ उभा राहिलाच पाहिजे. न राहिला तर गावाचा राग, सुपारीचं नुकसान आणि पुढच्या वर्षीची जत्रा हातची गेली.

याच नारायणगावच्या घरात विठाबाई वाढल्या. त्यांचा जन्म जुलै 1935 चा, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात तमाशा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड महाराष्ट्रभर गाजलेला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ असं जातीसकट नाव त्या फडाला होतं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा त्यांचीच कला पाहायला गावं रात्र रात्र जागत होती. लहानपणीच विठाबाईंच्या पायात चाळ आले. शाळेपेक्षा त्यांना गण-गवळण आधी आली. पुढे त्या एकाच रात्री लावणी गाणाऱ्या, नाचणाऱ्या, बतावणीत सोंगाड्याला सवाल-जबाब करणाऱ्या आणि पहाटेपर्यंत वगात नायिका उभी करणाऱ्या झाल्या.

गाणारी आणि अभिनय करणारी बाई म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकाचं नाव आधी निघतं. जयमाला शिलेदार, ज्योत्स्ना भोळे ही माणसं मोठीच. पण उघड्या माळावर, कनातीच्या तंबूत, बैलगाडीनं आलेल्या हजारो माणसांपुढे ढोलकी आणि हलगीच्या वर आवाज ठेवून, नाचताना दम न तुटू देता गाणं, हे वेगळं बळ आहे. तिथे प्रेक्षक टाळ्या वाजवतो तसा उठूनही जातो, आरोळ्याही मारतो. त्याला ताब्यात ठेवायचं तर गळा, पाय, डोळे आणि जीभ चारही एकदम चालावे लागतात. विठाबाईंचं तसं चालत होतं. 1957 आणि 1990 असा दोनदा त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणायचे.

मायनं त्यांना पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. एका वर्षी कारखान्याजवळच्या गावची जत्रा होती. टोळीतले गडी तमाशाला गेले आणि बायका कोप्यांपुढे, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपड्यांपुढे, भाकरी थापत बसल्या. रात्र वाढली तसा कर्ण्यातून विठाबाईंचा आवाज उसाच्या फडावरून कोप्यांपर्यंत येऊ लागला. माय सांगायची, आम्ही चुली विझवल्या नि ऐकत बसलो, कुणीच झोपलं नाही. दोन तासांनी गाडी भरायला उठायचं होतं तरी. सकाळी गड्यांनी विठाबाईंचं रूप वर्णन करायला सुरुवात केली तेव्हा बायकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना आवाज मिळाला होता. नंतर वाढं सोलताना माय गुणगुणायची ते त्या रात्रीचंच काहीतरी. शब्द तिचे तिनं बसवलेले असायचे.

15 जानेवारी 2002 ला विठाबाई गेल्या. मी तेव्हा दहावीला होते, एरवी आजीजवळ गावी राहायचे आणि त्या संक्रांतीला मायकडे कोपीवर गेले होते. दोन-तीन दिवसांनी टोळीत कुणीतरी बाजाराहून वर्तमानपत्र आणलं. त्यात बातमी होती. मायला वाचता येत नाही. चुलीपुढे बसून मी तिला वाचून दाखवलं.

त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिणारा माणूस एक प्रसंग कधी गाळत नाही. तमाशातली माणसंही तो सांगतात. त्या बातमीतही तो होता. नऊ महिने भरलेल्या विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लुगडं घट्ट आवळून पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, कारण खेळ अर्धा राहिला होता. पोट दिसेना, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. मग लोकांनीच खेळ थांबवला आणि बाई, आता विश्रांती घ्या, म्हणून हात जोडले.

मला वाचताना काटा आला. मायच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. ती भाकरी उलटत म्हणाली, “तिला लोकायनं तरी थांबिवलं. मला कोन थांबिवलं?”

माझा धाकटा भाऊ उसाच्या फडात झाला हे मला माहीत होतं. आमच्या वस्तीत अशी बरीच मुलं आहेत. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही वाटत नाही. त्या संध्याकाळी मायनं ते पहिल्यांदा सगळं सांगितलं. सकाळपासून कंबर धरली होती. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, गाडी भरून दे. गाडी भरली. मग सरीत, दोन बायकांनी लुगडं आडवं धरलं आणि कोयत्यानंच नाळ कापली. तिसऱ्या दिवशी बाळ पाचटावर झोपवून ती मोळ्या बांधत होती, कारण खाडे वाढत होते. रक्त जायचं थांबत नव्हतं. ते पुढे कैक महिने थांबलं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं तिला वाटलंच नव्हतं. पेपरात एका मोठ्या बाईचं तेच छापून आलं, तेव्हा तिला आपलं बोलता आलं.

बारावीनंतर मी नर्सिंगला गेले. घरचे म्हणत होते, पोरीचं लग्न करून टाका, एक कोयता वाढेल. मायनं ऐकलं नाही. एवढ्या एका बाबतीत ती कुणापुढे वाकली नाही.

आज माझ्या उपकेंद्रात भादवा लागला की माझं काम दुप्पट होतं. कोण कोण गरोदर आहे, कुणाचा कितवा महिना, कुणाच्या अंगात रक्त कमी, कोण दसऱ्याला निघणार, याची यादी करायची. कार्डावर पुढच्या तारखा लिहून द्यायच्या. जिथे जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आणि आशाताईचा नंबर लिहून द्यायचा. पण याच्याही आधी मी एक काम करते. मुकादम आणि टोळीतले गडी पारावर बसतात तिथे जाऊन उभी राहते आणि त्यांना विठाबाईंची गोष्ट सांगते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी विठाबाईंना पाहिलेलं असतं. त्यांचे डोळे चमकतात. माझ्याआधी तेच सांगू लागतात, काय बाई होती, काय गळा होता. मग मी विचारते, त्या तंबूत तुम्ही असता तर काय केलं असतं? सगळे म्हणतात, थांबवला असता की खेळ. तेव्हा मी कार्ड पुढे करते आणि सांगते, ही तुमच्या टोळीतली, हिला आठवा महिना आहे, हिला थांबवा.

दर वेळी जमतं असं नाही. उचल घेतलेली असते आणि एका माणसाच्या अर्ध्या कोयत्यात ती फिटत नाही, हे मला माझ्या घरावरून ठाऊक आहे. पण काही घरं ऐकतात. बाळंतीण सासूजवळ राहते, मुकादम वर्षाची सवलत देतो, बाळ ग्रामीण रुग्णालयात जन्मतं. माझ्या वस्तीत अशी मुलं आता शाळेत जातात.

2019 साली बीड जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींनी गर्भाशय काढून टाकलेलं आढळलं. बाहेरच्या लोकांना धक्का बसला. आम्हाला त्यात अनोळखी असं काही नव्हतं. बाळंतपणानंतर अंग न भरू देता मोळी उचलायची, अंगावरून जाणं, दुखणं अंगावर काढायचं, पाळीच्या दिवसांत खाडा नको, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. या वाटेच्या पहिल्या पायरीवर ती सरीतली बाळंतीण उभी असते.

म्हणून विठाबाईंचा तो प्रसंग व्यासपीठावरून जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कलेवरची निष्ठा होतीच, तिच्यात शंका नाही. पण बाळंत होऊन त्या परत उभ्या राहिल्या त्याला निष्ठेइतकीच घेतलेली सुपारी कारण होती, फडावर पोसलेली माणसं कारण होती. त्या गोष्टीत मला सर्वांत मोठी वाटतात ती हात जोडणारी माणसं. रात्र जागायला आलेली, आणि तरी म्हणाली की आता पुरे. मला माझ्या बाळंतपणात 180 दिवसांची भरपगारी रजा मिळाली. घरी बाळाला घेऊन झोपले असताना मी रोज विचार करायची, ही रजा मायची होती, विठाबाईंची होती.

विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. आयुष्यभर फड चालवला, दोनदा राष्ट्रपतींचा पुरस्कार घेतला आणि अखेरच्या आजारात दवाखान्याच्या खर्चाला लोकांना मदत करावी लागली. त्यांच्या मुलींनी तमाशा सोडला नाही. मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि आईचं नाव राखलं. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ हे पुस्तक लिहिलं. ते मी मायला रोज थोडं थोडं वाचून दाखवलं आणि ती मध्येच थांबवून म्हणायची, परत वाच. आता राज्य शासन विठाबाईंच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण पुरस्कार एकाला मिळतो. ज्या बायका उचलीवर नाचतात आणि ज्या उचलीवर ऊस तोडतात, त्या सगळ्यांना बाळंतपणात पडून राहायचा हक्क हवा आहे.

साखर कारखान्यांचे संचालक, सभासद, मुकादम यांच्या घरीही मराठी मासिकं जातात. त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यातल्या करारात तुम्ही टनाचा दर लिहिता, मुकादमाचं कमिशन लिहिता. त्याच कागदावर बाळंतपणाची सुट्टी लिहा, त्या दिवसांचा खाडा लागणार नाही हे लिहा आणि त्याचे पैसे बाईच्या नावावर, बाईच्या खात्यात जमा करा.