दुधाचं दुकान, मांसाचं दुकान
न्यूयॉर्कची दैनंदिनी : भाग पहिला

गुरुवार

जेएफके विमानतळावर कस्टमच्या माणसाला मी आपणहून सांगून टाकलं की बॅगेत सुकी कोळंबी आहे. मांस आहे का? नाही. बिया, रोपं? नाही. मग त्याने पिशवीची गाठ सोडायला लावली, नाक जवळ नेलं आणि नेलं त्याच्या दुप्पट वेगाने मागे घेतलं. "वेलकम टु न्यूयॉर्क," म्हणाला. अशा रीतीने अलिबागचे सोडे सुटले.

मैत्रीण बाहेर उभी होती. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. तिला इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली, पण पहिला प्रश्न "प्रवास कसा झाला" नव्हता. "सोडे आणलेस ना गं?" आणले. आमसुलं? तीही आणली.

ती राहते क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला. डोक्यावरून सात नंबरची गाडी खडखडत जाते आणि खाली चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या, सोनं, पान आणि मिठाईची दुकानं. कढीपत्ता, कोवळी भेंडी, हळदीचं लोणचं, सगळं मिळतं. सोडे मात्र अलिबागचेच हवेत, हा तिचा हट्ट.

रात्री जेवताना तिने विचारलं, "काय काय बघायचंय? पुतळा? म्युझियम?"

"दुकानं," मी म्हटलं. "खाण्याची. पण आपली नकोत, इथली."

"मग डेली," ती म्हणाली. "पण आधी समजून घे. इथे कोपऱ्यावर सिगारेट, दूध आणि लॉटरीचं तिकीट विकणाराही स्वतःला डेलीच म्हणवतो. आपण जायचं ते खऱ्या डेलीत." शब्द जर्मन आहे, डेलिकाटेसन, म्हणजे निवडक खाण्याच्या चीजा. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांबरोबर तो या शहरात उतरला आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तो आपला करून घेतला.

शुक्रवार

एफ गाडीने सेकंड अव्हेन्यूला उतरलो. वर आल्यावर रस्त्याची पाटी वाचून मी "ह्यूस्टन" म्हणाले, तर मैत्रिणीने लगेच दुरुस्त केलं, "हाऊस्टन. ह्यूस्टन टेक्ससमध्ये. इथे तसं म्हणालीस तर पाहुणी म्हणून ओळखतील." तशी मी पाहुणीच आहे, पण गप्प बसले.

लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काट्झ. 1888पासूनचं दुकान. दारातच प्रत्येकाच्या हातात एक कागदी तिकीट देतात. आत काही घ्या किंवा नुसतं बघून या, जाताना ते परत द्यायचंच. हरवलं तर दंड. मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, मग बाहेरच्या, मग हातातच धरून बसले.

लांबलचक काउंटरमागे कापणाऱ्यांची रांग. प्रत्येकासमोर वाफाळता मोठा तुकडा, हातात लांब सुरी. पास्त्रामी म्हणजे बैलाच्या छातीपोटाकडचं मांस. ते आधी मिठाच्या पाण्यात आठवडे मुरवायचं, मग काळी मिरी आणि धणे चोळून धुरात ठेवायचं, मग शिजवून वाफवायचं. धणे बघून मला अंमळ आपलेपणा वाटला. शब्दाचं मूळ रुमानियात आणि त्याआधी तुर्कांच्या बास्तुर्मात; मांस वर्षभर टिकवायची ती जुनी युक्ती. कापणारा ते यंत्रावर घालत नाही. इतकं मऊ मांस यंत्रात चुरगळतं म्हणून हातानेच, तंतूंना आडवी सुरी लावून.

मी ते खात नाही हे त्याला कसं सांगावं, या विचारात असतानाच त्याने बशीत एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. गिऱ्हाइकाला आधी चव देण्याची इथली पद्धत. मैत्रिणीने तो उचलून तोंडात टाकला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "टर्की." कापणाऱ्याने ना भुवई उंचावली, ना काही विचारलं. सुरी पुसली आणि दुसऱ्या तुकड्याकडे वळला.

सँडविच म्हणजे दोन पातळ रायब्रेडच्या मध्ये वीतभर डोंगर. किंमत पंचवीस डॉलरच्या वर. मी मनात रुपये केले आणि मग ठरवलं की हा आठवडा गुणाकार बंद. बरोबर काकडीचं लोणचं, दोन प्रकारचं. एक नुसतं काही दिवस मुरलेलं, अजून हिरवंगार, कुरकुरीत. दुसरं आठवडे मुरलेलं, शेवाळी रंगाचं, आंबट. दोन्हींत तेल नाही, व्हिनेगर नाही. मीठ, पाणी, लसूण, शेपू आणि वेळ, एवढंच. बटाट्याचं सारण भरून भाजलेला क्निशही घेतला. बटाटेवड्याचा चुलता, पण फोडणी विसरून आलेला.

निम्मं सँडविच खाऊन मी थकले. घशाखाली काहीतरी ओलं हवं म्हणून म्हटलं, "थोडं दही मिळेल का गं?"

मैत्रीण हसायलाच लागली. "इथे? मांसाच्या दुकानात दही? खरं म्हणजे हे दुकान काही कोशर नाही, ज्यू धर्माचे सगळे नियम ते पाळत नाहीत. पण दुकान मांडलंय ते त्याच हिशेबाने. दूधदुभतं हवं तर वेगळ्या दुकानात जायचं. रविवारी नेते."

उरलेली टर्की आणि तिची पास्त्रामी बांधून घेतली. तिकीट शेवटी सापडलं, माझ्या डाव्या मुठीत.

शनिवार

लोणच्याचा मोह सुटेना. ग्रँड स्ट्रीटवर पिंपातलं लोणचं विकणारं एक दुकान आहे, असं मैत्रीण म्हणाली. गेलो, तर बंद. शटर खाली. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आज शनिवार! ज्यूंचा सुट्टीचा वार. कशी विसरले मी?"

त्या बंद शटरसमोर मला आमची अलिबागची इस्रायल आळी आठवली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं बेने इस्रायल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू, सांगतात. मराठी बोलणारे, गावावरून आडनाव लावणारे, नवगावकर, रोहेकर, पेणकर.

आमच्या घरासमोरच अशा एक आजी राहायच्या. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी डबी, येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. शनिवारी त्या चूल पेटवत नसत. लहानपणी एकदा आईने त्यांच्याकडे वाटीभर खरवस पाठवला. आतून मटणाचा वास येत होता. आजी दारातच म्हणाल्या, "आज नको गो बाय, आज मटण आहे. तुझी आय उद्या देईल का?" मी वाटी परत आणली. आई म्हणाली, "त्यांच्यात दूध न मटण एकत्र चालत नाही." आजींच्या मटणात नारळाचं दूध असायचं. ते चालायचं, ते काही जनावराचं नव्हे. कोळंबीला त्या हात लावत नसत, खवले आणि पर असलेलाच मासा खायच्या. माझ्या सोड्यांना त्यांच्या घरात जागा नव्हती.

दुपार ऑर्चर्ड स्ट्रीटवर गेली. सत्त्याण्णव नंबरची इमारत 1863ची, आता ती टेनमेंट म्युझियम आहे. 1935पर्यंत तिथे सुमारे सात हजार माणसं राहून गेली. बुटक्या खोल्या, काळोखी जिना. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही इथे तिकीट काढून आत जावंसं वाटणार नाही. पण उभं राहिल्यावर कळतं की खाण्याची ही दुकानं इथे का उगवली. इतक्या लहान खोलीत मांस आठवडे मुरवायला, मासे धुरवायला जागा कुठली? दारापुढच्या हातगाडीवरून घ्यायचं आणि गाडीवाल्याचं नशीब निघालं की त्याचं दुकान व्हायचं.

रविवार

सकाळी दहाला रस अँड डॉटर्ससमोर रांग. हेही हाऊस्टन स्ट्रीटवर, काट्झपासून चालत दोन मिनिटांवर. जोएल रस नावाचा गृहस्थ आधी खारवलेले हेरिंग मासे विकायचा, 1914मध्ये दुकान घातलं. मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. तिघी काउंटरमागे उभ्या राहिल्या आणि तीसच्या दशकात त्याने पाटीवरच लिहून टाकलं, रस आणि मुली. आज चौथी पिढी दुकान चालवते. आपल्याकडे "आणि पुत्र" हे शब्द पाट्यांवर कितीतरी पाहिले. "आणि कन्या" अजून पाहायची आहे.

या दुकानाला डेली म्हटलं तर ती माणसं मनाला लावून घेतात. हे ॲपिटायझिंग. काट्झला मांस, इथे मासे आणि दूधदुभतं. दोन मिनिटांचं अंतर, पण मधे एक रेघ आहे आणि ती धर्मग्रंथातून थेट फुटपाथवर आलेली आहे.

आत क्रमांकाचा कागद घ्यायचा आणि थांबायचं. काचेआड नारिंगी, पांढरे, सोनेरी मासे. लॉक्स म्हणजे सामन माशाच्या पोटाचा भाग, नुसता मिठात मुरवलेला, धूर न लावलेला. नोव्हा म्हणजे कमी मीठ लावून थंड धुरात ठेवलेला. मासा शिजत नाही, कच्चाच रेशमी राहतो. लोक दोघांनाही लॉक्स म्हणतात, पण काउंटरवरचा माणूस नक्की काय हवं ते विचारून घेतो. व्हाइटफिश मात्र गरम धुरात शिजलेला, सोनेरी कातडीचा. वास ओळखीचा आणि अनोळखीही. आपल्याकडे ऊन आहे म्हणून आपण मासे वाळूवर वाळवले. यांच्याकडे ऊन नव्हतं, लाकूड होतं. दर्या तोच, मीठही तेच.

माझा नंबर आला. मैत्रीण म्हणाली, "तूच माग." मी ऐटीत "हाफ पाउंड" सांगितलं. मनात होतं की अर्धा म्हणजे थोडंच. त्याने लांब, लवचीक सुरी काढली आणि कापायला लागला. काप इतका पातळ की खालचा कागद त्यातून दिसत होता. एकेक काप कागदावर अलगद पसरत गेला, एक, दोन, सात, अकरा. पाव पाउंड म्हणजे एकशे तेरा ग्रॅम, तेवढ्यात दोघींचं भागलं असतं, हे नंतर कळलं. मी मागितलं होतं त्याच्या दुप्पट. बिल इथे लिहीत नाही; ही दैनंदिनी अलिबागला वाचली जाते.

बाहेर बाकावर बसलो. मैत्रिणीने बेगल उघडलं, त्यावर क्रीम चीजचा जाड थर, वर नोव्हा, कांदा, केपर. माझ्यासमोर धरलं.

माझा हात पुढे होईना.

मासे आणि दूध! घरी माशाच्या जेवणानंतर ताकसुद्धा नसायचं. मासे खाऊन दूध प्यायलं तर अंगावर कोड उठतं, हे आईने इतक्यांदा सांगितलं होतं की ते मला पाढ्यासारखं पाठ होतं. समोरच्या आजींना मटणावर दूध चालत नव्हतं, आम्हाला माशावर. आळीच्या या बाजूला एक रेघ, त्या बाजूला दुसरी, आणि दोन्ही घरं एकमेकींची रेघ सांभाळून वाट्या पाठवत होती. आजींना हे बेगल बिनघोर चाललं असतं.

"खा गं," मैत्रीण म्हणाली. "मी सत्तावीस वर्षं खातेय. कोड आहे का कुठे?" तिने बाही वर केली.

खाल्लं. खारट, गार, मऊ, वरून कांद्याचा झणका. वाईट म्हणजे फारच चांगलं होतं. रात्री झोपायच्या आधी मात्र दिव्याखाली दोन्ही हात नीट पाहून घेतले.

सोमवार

मैत्रीण कामावर गेली, दुपारी लवकर परतली. फ्रिजमध्ये दोन्ही दुकानांच्या पिशव्या एकाच फळीवर शेजारी शेजारी. शुक्रवारची उरलेली टर्की होती, ती ब्रेडमध्ये घालायचं ठरलं.

"कोरडं लागेल," म्हणत तिने क्रीम चीजचा डबा काढला आणि सुरी बुडवली.

"ते नको," मी म्हटलं.

"का? काल तर चाटूनपुसून खाल्लंस."

"मटणावर दूध नको."

ती सुरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "अगं, आपण कधीपासून इस्रायल झालो? आणि ही टर्की आहे."

उत्तर नव्हतं. काल आईची रेघ ओलांडताना थोडा वेळ लागला, पण ओलांडली. ही माझी नव्हतीच, तर मोडायला काय हरकत होती? पण डोळ्यांसमोर ती वाटी होती, दारातून परत आणलेली.

मी आमसुलं भिजत घातली. कपाटात नारळाच्या दुधाचा डबा होता. लसूण, हिरवी मिरची ठेचली, मीठ, वर कोथिंबीर. रंग उतरला तो अगदी घरचा, फिकट गुलाबी. कपात ओतून तिच्यापुढे ठेवली. सँडविचचा एक घास, सोलकढीचा एक घोट. ती काही वेळ बोललीच नाही.

मग कप धुता धुता म्हणाली, "आजी असत्या तर हे जेवल्या असत्या का गं?"

"पक्षी कुणी कापला ते आधी विचारलं असतं."

"आणि सोलकढी?"

"दुसऱ्यांदा मागून घेतली असती."

उद्या रविवारची उरलेली नोव्हा संपवायची आहे. संध्याकाळी मैत्रीण मॅनहॅटनमधल्या मसाल्यांच्या बाजारात नेणार आहे. ते पुढच्या भागात.