बुडखा काय सांगतो?

झाड तोडताना सगळेजण वर बघतात. शेंडा हलला की ओरडतात आणि झाड आडवं झालं की टाळ्या पिटतात. मग गाडी येते, लाकूड जातं, सरपण गोळा होतं आणि जमिनीत उरतो तो बुडखा. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मला मात्र बुडखे बघायची खोड आहे. (झाडांबद्दल बोलताना 'खोड' हाच शब्द आठवावा, ही गंमतच!)

ही खोड मला लागली लोहाऱ्यात. यवतमाळ शहराला अगदी लागून असलेलं हे गाव. आज लोहारा म्हटलं की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, पण जिल्हा मुळात सागवानाचा. माझं आजोळ तिथलं. मामांच्या शेताच्या बांधावर साग होते. आता तुम्हाला वाटेल, आपलं शेत, आपलं झाड, उचलली कुऱ्हाड आणि तोडलं. तसं नाही बरं का! साग स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगी लागते. त्यासाठी १९६४ सालचा कायदा आहे. मामांचे कागद झाले की मग आबांना बोलावणं जायचं.

आबांचं सगळं आयुष्य कुपात गेलेलं. जंगलाचा जो तुकडा त्या वर्षी तोडायचा ठरतो, त्याला कूप म्हणतात. कुपात ज्या झाडावर खात्याच्या हातोड्याची खूण असेल तेच तोडायचं. एक खूण अगदी बुडाशी असते, म्हणजे झाड गेलं तरी ती बुडख्यावर राहते. साहेब नंतर येऊन बुडखे तपासतो. ज्याच्यावर खूण नाही, तो बुडखा चोरीचा!

आबा आले की आधी झाडाभोवती एक फेरी मारायचे. झुकाव कुठे आहे, फांद्यांचा भार कुठल्या अंगाला, वारा कुठून येतोय. मग पळायची वाट साफ करायचे. झाड पडणार त्याच्या बरोबर उलट दिशेला नव्हे, तर मागे तिरकी वाट! कारण पडताना बुंधा कधीकधी उसळून सरळ मागे येतो. मग ज्या बाजूला पाडायचं त्या अंगाला कुऱ्हाडीनं खाच, आणि तिच्या उलट बाजूनं दोघांनी ओढायचा लांब आरा. आरा अडकू नये म्हणून मागून लाकडाची पाचर ठोकायची. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खाच आणि आरा यांच्यामध्ये थोडं लाकूड मुद्दाम न कापता ठेवायचं. तीच झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर हळूहळू खाली येतं. बिजागरी पार कापली, तर झाड कुठं जाईल ते कोणीच सांगू शकत नाही, आणि माणसं मरतात ती तिथेच.

"झाड पाडाचं नसते बाबू, निजवाचं असते," आबा म्हणायचे.

आता बुडख्याकडे येऊ. आबांचा बुडखा वीतभरही उंच नसायचा. वरून थोडा उतरता, गुळगुळीत, साल कुठेही फाटलेली नाही. मी लहानपणी समजायचो की हे लाकूड वाचवण्यासाठी. ते तर आहेच, पण खरं कारण वेगळं. साग तोडला तरी मरत नाही. बुडख्यातून नवे फुटवे येतात. ते जमिनीलगत आले तर घट्ट उभे राहतात. उंच बुडख्यावर आले तर वाऱ्यानं मोडून पडतात. उतार ठेवायचा तो पावसाचं पाणी साचून बुडखा कुजू नये म्हणून. म्हणजे आबा एक झाड तोडताना पुढच्या झाडाची तयारी करत होते.

तुम्ही म्हणाल, सगळीकडे असंच करत असतील. मुळीच नाही! अगदी हेच सागाचं झाड घ्या. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, ते तोडण्याआधी मारायची पद्धत होती. बुंध्याभोवती साल आणि आतलं ओलं लाकूड कापून एक कडं काढायचं, की झाड उभ्या उभ्या वाळतं. मग सुमारे तीन वर्षांनी तोडायचं. का, तर तिथे लाकूड जायचं नदीतून. हत्ती ओंडके ओढून ओढ्यात टाकत आणि पुराचं पाणी ते इरावतीपर्यंत नेई. ओला साग पाण्यात नीट तरंगत नाही, वाळलेला तरंगतो. आमच्या यवतमाळला ओंडका बैलगाडीत चढवायचा, त्याला कशाला पोहायला शिकवायचं?

कोकणात घराशेजारचा माड उतरवायचा असेल तर तो एकदम आडवा करून चालत नाही, कौलं फुटतील. माणूस दोर घेऊन वर चढतो, आणि झाड शेंड्यापासून तुकड्यातुकड्यानं खाली येतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर बुडखे माणसापेक्षा उंच सापडतात. तिथल्या अवाढव्य झाडांचा बुंधा खाली फार पसरलेला. जुने लाकूडतोडे बुंध्यात खाचा पाडून फळ्या खोचत आणि त्या फळ्यांवर उभे राहून वरचं लाकूड कापत. डग्लस फरच्या बुडख्यातून फुटवा येत नाही, त्यामुळे तो उंच राहिला काय नि बुटका राहिला काय! तिथेच खाच पाडायची 'हम्बोल्ट' पद्धत रुजली. त्यात खाचेचा तिरका काप खालून वर घेतात. खाचेचं लाकूड बुडख्यातून जातं, ओंडक्याचं टोक सरळ राहतं. आबांना हे जमलं नसतं, कारण वीतभर उंचीवर खालून तिरकं कापायला जागाच कुठे आहे?

यंत्रांतही असाच फरक आहे. साखळीवाली करवत, आपल्याकडे लोक जिला नुसतं 'कटर' म्हणतात, ती जर्मनीत आंद्रेआस श्टीलनं १९२६ साली विजेवर चालवली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर. तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागत. पुढे अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. तिचे वाकडे जबडे डावी-उजवीकडे कुरतडत जातात. तसेच दात त्यानं साखळीला दिले आणि १९४७ मध्ये त्या साखळ्यांचा कारखाना काढला. अळीकडून शिकलेली ती रचना जगभर पसरली! स्वीडन-फिनलंडमध्ये झाडं बारीक, म्हणून करवतीची पट्टी १३ ते १५ इंचांची. अमेरिकेच्या पश्चिमेला ती तीन फुटांच्या घरात, आणि पुष्कळदा साखळीचे दातही दूर दूर, कारण एवढ्या रुंद कापातला भुसा बाहेर पडायला जागा हवी.

लोहाऱ्यात मामांच्या बांधावर हे यंत्र आलं तेव्हा मोठी जुंपली. मशीनवाला दादा तरुण होता. त्यानं गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्टी टेकवली. आबा तेव्हा थकले होते, नुसते बघायला आले होते, पण काठी आपटत पुढे झाले. "एवढं उंच काऊन?"

दादा म्हणाला, "खाली माती लागते आबाजी. एक गोटा लागला का साखळी बोथट."

मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. मातीनं साखळीचे दात क्षणात जातात. त्यातून सागाच्या लाकडात मुळातच वाळूसारखी सिलिका असते, ती हत्यार झिजवतेच. पण गुडघाभर उंच बुडखा म्हणजे पुढचं झाड वाऱ्याच्या हवाली करणं. यंत्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आऱ्याला निम्मी सकाळ लागायची ते काम त्यानं काही मिनिटांत केलं असतं. फक्त ते अशा जंगलांसाठी घडलं, जिथे बुडख्याची कोणाला फिकीर नव्हती.

आबा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी कुदळ मागवली, बुडाभोवतीची माती ओढायला लावली, गोटे वेचून टाकायला लावले. मग मामींकडून खराटा आणवला आणि बुंधा वीतभर खालपर्यंत झाडून घेतला. "आता काप," म्हणाले. दादानं कापलं. खाच, बिजागरी, पाचर, सगळं तेच. साग नेमका धुऱ्यावर निजला. शेवटी आबांनी बसूनच कुऱ्हाडीनं बुडख्याला उतार दिला.

पावसाळ्यात त्याला फुटवे आले, सुपाएवढ्या पानांचे. मामांनी त्यातले दोन जोमदार ठेवले, बाकीचे काढले. आणि मशीनवाल्या दादाच्या गाडीत तेव्हापासून पेट्रोलच्या डब्याशेजारी एक खराटा असतो.