केळं विमानातच संपवा

ग्रुप टूरला जाऊन आलेल्या माणसाला ‘चार-पाच-सहा’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. चारला वेक-अप कॉल, पाचला नाश्ता, सहाला बस. पेरूतल्या कुस्कोच्या हॉटेलात जेवणं आटोपल्यावर आमच्या टूर मॅनेजरने हे तीन आकडे जाहीर केले आणि वर बजावलं, ‘‘काका, काकू, बॅगा साडेचारलाच दाराबाहेर हव्यात. उद्या दोन विमानं आहेत आणि देशही बदलायचाय.’’ कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे एकच ओळ छापलेली होती : कुस्को–लिमा–सँतियागो, हवाई प्रवास. म्हणजे पाहण्यासारखं काही नाही. माचू पिक्चू पाहून झालेलं असल्याने मंडळी तृप्त होती, दमलेलीही होती. मला मात्र सगळ्या सहलीत सर्वांत जास्त देऊन गेला तो हाच दिवस. त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे.

मी फळबाजारातला माणूस. वडिलांचा गाळा क्रॉफर्ड मार्केटात होता. १९९६ साली फळबाजार तुर्भ्याला आला, तसे आम्हीही खाडी ओलांडून वाशीकर झालो. आता गाळा मुलगा बघतो. मार्चचे दिवस होते. कुस्कोत पहाटेचे साडेचार झाले की आपल्याकडे दुपारचे तीन वाजतात. त्या वेळेला मुलाने सकाळी उतरलेल्या देवगडच्या पेट्यांचा व्हिडिओ पाठवला होता. तो पाहत पाहतच मी बॅग दाराबाहेर ठेवली.

कुस्को ३,४०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला राहणारी आम्ही माणसं. दोन जिने चढलो की छातीचा भाता व्हायचा. हॉटेलच्या लॉबीत कोकाच्या पानांचा चहा सदैव तयार आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर. इतक्या पहाटे किचन उघडत नाही, म्हणून नाश्ता कागदी पिशवीत मिळाला : एक सँडविच, ज्यूस, एक केळं आणि एक सफरचंद. ही पिशवी पुढे दिवसभर गाजणार होती.

कुस्को ते लिमा जेमतेम सव्वा-दीड तासाचं विमान. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातून ते उठतं, वळण घेत घेत उंची गाठतं आणि मग खाली बर्फाची शिखरं दिसू लागतात. लिमाला उतरल्यावर जाणवलं, श्वास पुन्हा आपला झालाय. इतके दिवस गप्प असलेल्या ऐरोलीच्या काकू एकदम गप्पा मारायला लागल्या.

सँतियागोच्या विमानाला अवकाश होता. गेटजवळच्या खुर्च्यांवर टूर मॅनेजरने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, ‘‘आता प्रत्येकाने आपापली हँडबॅग उघडायची. चिलीत फळ, बी, मध, मांस काहीही चालत नाही. जे असेल ते इथे संपवा, नाहीतर फॉर्मवर लिहा. लपवलं आणि सापडलं तर दंड शेकडो डॉलरचा आहे, आणि तो कंपनी भरत नाही.’’

मग बॅगांतून काय काय निघालं! बडीशेप तर प्रत्येकाकडे. कुणाकडे मधुमेहासाठी मेथीदाणे, कुणाकडे कोकाचा चहा नातेवाइकांना दाखवायला घेतलेला. ऐरोलीच्या काकूंकडे महाबळेश्वरच्या मधाची बाटली. खारघरच्या एका ताईंनी कुस्कोजवळच्या पिसाकच्या बाजारातून मक्याची कणसं घेतली होती. जांभळ्या, लाल, पांढऱ्या दाण्यांची, खरंच देखणी. गच्चीवरच्या कुंडीत लावायची म्हणून. त्या नाराज झाल्या. ‘‘चार कणसांनी त्यांचं काय बिघडणार आहे?’’ त्यांचा प्रश्न कोणालाही पडेल असाच होता. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

मी सहसा मध्ये बोलत नाही, पण तिथे मला राहवलं नाही. मी त्यांना २०१४ सालची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला. त्याच्या जोडीला वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. एक मे! ऐन हापूसचा हंगाम. लंडनला जायच्या म्हणून निवडून काढलेल्या पेट्या बाजारात परत फिरल्या, आणि निर्यातीचा माल एकदम स्थानिक बाजारात आला की भावाचं काय होतं, हे तुर्भ्यातला माथाडीही सांगेल. कोकणातले बागायतदार फोनवर रडलेले मी ऐकलेत. आंब्यावरची बंदी उठली ती पुढच्या वर्षी.

फळमाशी दिसायला घरमाशीएवढी. मादी फळाच्या सालीत डंख मारून आत अंडी घालते. वरून टाचणी टोचल्यासारखा एक बारीक ठिपका, बाकी फळ तुकतुकीत. कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यासाठी ‘रक्षक’ नावाचा सापळा काढला, तो आता कोकणातल्या बागांत लटकलेला दिसतो. अमेरिकेने २००७ साली आपल्या आंब्याला दार उघडलं तेही विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. त्यासाठीचं पणन मंडळाचं केंद्र आमच्या वाशीतच आहे. एवढ्याशा माशीपायी किती यंत्रणा उभी करावी लागते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. कणसं मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून लिमाच्या विमानतळावर सोडली.

लिमाहून सँतियागो साडेतीन तास. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला अँडीज आणि त्याच्या पायथ्याशी वाळवंट. खिडकी बायकोला मिळाली होती. तिने वाचन बाजूला ठेवलं आणि मला अर्धी खिडकी दिली. समुद्राला लागून वाळवंट कसं, हे कोडं मला आधी सुटत नव्हतं. किनाऱ्याने दक्षिणेकडून थंड पाण्याचा हंबोल्ट प्रवाह वाहतो. थंड समुद्रावर धुकं होतं, पाऊस होत नाही. म्हणून हजारो किलोमीटर नुसती तपकिरी-राखाडी जमीन. आणि तिच्यात मध्येच डोंगरातून उतरलेल्या एखाद्या नदीच्या काठी हिरवे चौकोन, पट्टीने आखल्यासारखे. अशा शेतांतून पेरू आज जगात सगळ्यात जास्त ब्लूबेरी निर्यात करतो. पुढे चिलीच्या हद्दीत आटाकामा. जगातल्या अतिशय कोरड्या प्रदेशांपैकी एक, आणि त्याच्याच दक्षिण कडेला कोपियापोच्या खोऱ्यात द्राक्षाच्या बागा. नाशिकच्या शेतकऱ्याला हे एकदा दाखवायला हवं, असं सारखं मनात येत होतं.

त्या खिडकीतूनच मला चिलीचं कुलूप कळलं. उत्तरेला वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला पॅसिफिक, दक्षिणेला बर्फ. कीड स्वतःच्या पंखांनी यायची म्हटली तरी अवघड. ती येऊ शकते ती ट्रकमधून, जहाजातून किंवा आमच्यासारख्यांच्या पिशवीतून. भूमध्य फळमाशी शेजारच्या देशांमध्ये आहे. चिलीने तिला देशात बस्तान बसवू दिलेलं नाही. एखादी सापडलीच तर त्या भागाला वेढा घालून ते तिचा नायनाट करतात. म्हणून त्यांची द्राक्षं, चेरी, किवी, सफरचंदं जगभर जातात. जेएनपीटीच्या बंदरातून कंटेनर आमच्या बाजारातही येतात. चिलीच्या सफरचंदाची पेटी मी कितीदा फोडली आहे! एकसारखा आकार, एकसारखा रंग. त्या शिस्तीचा उगम मला त्या दिवशी कळला.

त्यांनीही चटका सोसलेला आहे. १९८९च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या बंदरात चिलीच्या द्राक्षांच्या दोन मण्यांत सायनाइडचा अंश सापडल्याचं जाहीर झालं आणि अमेरिकेने चिलीची फळं काही दिवस बंद केली. दोन मणी! ऐन हंगामात ढीगच्या ढीग माल नष्ट करावा लागला. सायनाइड आणि फळमाशी वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण दार एकदा बंद झालं की बागेतल्या माणसाचं काय होतं, ते दोन्हीकडे सारखंच.

उतरण्यापूर्वी टूर मॅनेजर सीटांमधून फिरत होता. ‘‘केळं राहिलंय का कुणाचं? विमानातच संपवा. सफरचंदसुद्धा. साल एअर होस्टेसकडे द्या, पर्समध्ये नको.’’ सत्तरी ओलांडलेले लोक शाळेतल्या मुलांसारखे मुकाट्याने केळी खात होते. एका आजोबांना साखरेमुळे केळं वर्ज्य, तर त्यांच्या वाटणीचं मी खाल्लं.

घड्याळं दोन तास पुढे गेली. सँतियागोला पोचलो तेव्हा संध्याकाळचं पिवळं ऊन अँडीजवर पडलेलं होतं. पासपोर्टाचा शिक्का, बॅगा, आणि मग ती रांग. ‘सॅग’ हे त्या खात्याचं नाव, त्यांच्या शेती आणि पशुधन विभागाचं. प्रत्येकाला शपथपूर्वक लिहून द्यावं लागतं, की माझ्याकडे वनस्पती किंवा प्राणी यांपासून आलेलं काही आहे की नाही. आम्ही सगळ्यांनी ‘आहे’ असंच भरलं होतं. बॅगा एक्स-रेमधून गेल्या. जॅकेट घातलेला एक लॅब्राडोर रांगेतून हुंगत आला आणि एका काकांच्या सॅकपाशी शांतपणे बसला. भुंकला नाही, ओरबाडलं नाही, नुसता बसला. सॅक रिकामी निघाली. सकाळपासून त्यात सफरचंद होतं, त्याचा वास उरला होता. अधिकाऱ्याने कुत्र्याला खाऊ दिला आणि काकांना हाताने ‘जा’ म्हणून खुणावलं.

माझ्या पुढे ऐरोलीच्या काकू होत्या. अधिकारी बाई तरुण होती, मुलाच्या वयाची. चकली, बाकरवडी, मेतकूट तिने पाहिलं, हुंगलं आणि परत दिलं. मेथीदाणे बाजूला काढले. मधाची बाटली उचलून मान हलवली. परदेशातला मध त्यांच्या मधमाश्यांना रोग लावू शकतो. काकूंचा चेहरा पडला. पण त्यांनी आधीच लिहून दिलं होतं म्हणून दंड नाही, दरडावणं नाही, फक्त एक सही. बाटली निळ्या पेटीत गेली. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘मध गेला त्याचं वाईट वाटलं, पण मुलीने नीट वागवलं हो.’’

हॉटेलवर पोचेपर्यंत रात्र झाली. झोप येईना. खारघरच्या ताईंच्या कणसांचाच विचार डोक्यात होता. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मूळची याच खंडांतली. आपल्या देशात ती पहिल्यांदा सापडली २०१८ साली, कर्नाटकात, आणि बघता बघता महाराष्ट्रातल्या मक्यावर उतरली. रस्त्याच्या कडेला माजलेलं गाजर गवत हेही अमेरिका खंडांतलंच. आपल्याकडे त्याची पहिली नोंद पुण्यातली, १९५५च्या सुमाराची. ते अजून हटलेलं नाही. पपई, अननस, पेरू, सीताफळ, काजू ही माझ्या बाजाराला जगवणारी फळंही इथूनच आली, हे मी विसरत नाही. त्या काळी कोणी तपासणारं नव्हतं. आज आहे, आणि तपासायची गरजही आहे, कारण ज्या अंतराला तेव्हा गलबताला महिने लागायचे ते आता एका दिवसात कापलं जातं, आणि किडीलाही तेवढाच वेळ पुरतो.

आपल्याकडेही कायदा आहे. २००३च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र नसताना परदेशातून बियाणं, रोपं, फळं आणता येत नाहीत. तरी परतीच्या विमानात कुणाच्या तरी बॅगेत ओल्या कागदात गुंडाळलेली फांदी असतेच, आणि तो माणूस कौतुकाने सांगतोही. माझी त्याला, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. विमानात मिळालेलं फळ विमानातच खा. फॉर्मवर शंका आली तर ‘हो’ लिहा. आणि घरी येताना बी, रोप, फांदी, कणीस काहीही आणू नका, फोटो आणा.