अठरा पूर्ण होताना

वडूजहून साताऱ्याला गेलं की माझे पाय धनिणीच्या बागेतल्या जुन्या बोर्डिंगकडे वळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामं स्वतः करत. त्यांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही.

खटाव-माणच्या माणसाला या त्यागाचं मोल सांगावं लागत नाही. पावसानं पाठ फिरवली की आमच्याकडचं घर विखुरतं. कुणी सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात जातं, कुणी ऊसतोडीला. पोर मागे राहतं, आजीच्या नाहीतर वसतिगृहाच्या भरवशावर. ज्याला तेवढाही आधार नसतो, ते बालगृहात जातं.

आपल्या भागात बालगृहांना भेटी देणारे पुष्कळ आहेत. वाढदिवसाला खाऊ, वह्या, एखादं गोड जेवण. देणाऱ्यांचा जीव खरोखरच त्या मुलांत असतो. तरी अशा भेटीत मुलांना ओळीत बसवून फोटो काढले जातात, तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ चा बाल न्याय कायदा मनाई करतो. त्यामागे साधी माणुसकी आहे. आईबापाविना वाढणं ही त्या मुलाची खासगी गोष्ट आहे, ती चारचौघांत मांडायचा हक्क आपल्याला नाही.

त्याहून मोठा प्रश्न पुढे असतो. मूल अठरा वर्षांचं झालं की बालगृह सुटतं. एकविसाव्या वर्षापर्यंत आधाराची तरतूद आहे, मुलांसाठी अनुरक्षणगृहं आहेत. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षणही दिलं. पण खोली भाड्यानं घेताना हमी कोण देणार? ताप आला तर दवाखान्यात सोबत कोण जाणार? दिवाळीला जायचं कुणाकडे? घरच्या मुलाला हे प्रश्न पडतच नाहीत.

कर्मवीरांनी मुलांना पोटापुरतं देऊन सोडलं नाही. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्याच कामाला लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मायेला पुढच्या वाटेचा विचार जोडलेला असला की असं घडतं.

म्हणून वडूजच्या बाजारपेठेतल्या, शाळांतल्या, दवाखान्यांतल्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खाऊ जरूर न्या. पण बालगृहाच्या अधीक्षकांना एवढं विचारा, की यंदा इथून कोण बाहेर पडतंय. मग रीतसर परवानगीनं त्यातल्या एकाला दुकानात काम शिकवा, एकीच्या नर्सिंगच्या फीचा भार उचला, कुणाच्या भाडेकरारावर जामीन राहा. आणि सणासुदीला त्यांना घरी जेवायला बोलवा, दरवर्षी.